नावावरून पेशीचे काम ठरवू नका!

जानेवारी २०२१ मध्ये परभणीजवळच्या मुरुंबा गावात ८०० च्या आसपास कोंबड्या पटापट मेल्या. नमुने भोपाळच्या प्रयोगशाळेत गेले आणि निदान झाले – बर्ड फ्लू! गावातील उरलेल्या कोंबड्याही नष्ट कराव्या लागल्या. अशा वेळी प्रत्येकाच्या मनात एकच धास्ती असते. हा विषाणू उद्या माणसांत पसरू लागला तर? आपल्या शरीराला तो अगदीच अनोळखी असेल काय?

या प्रश्नाचा विचार करताना आपली गाठ अशा पेशींशी पडते, की ज्या पुस्तकी वर्गीकरणात नीट बसत नाहीत.

रक्तातील टी-पेशींचे दोन मुख्य प्रकार सांगितले जातात. मारक टी-पेशी विषाणू शिरलेल्या पेशीला ठार करतात. साहाय्यक टी-पेशी स्वतः मारत नाहीत. त्या रासायनिक संदेश पाठवून इतरांना कामाला लावतात. थोडक्यात, एक शिपाई आणि दुसरा दवंडी पिटणारा कोतवाल. वर्गीकरण सुटसुटीत आहे, पण ते अपुरे आहे. गावात आग लागली तर कोतवाल दवंडी पिटून स्वस्थ बसतो काय? तोही घागर उचलून धावतोच! काही साहाय्यक पेशी अगदी हेच करतात. त्यांच्याजवळही मारक पेशींचीच हत्यारे असतात. पर्फोरिन हे प्रथिन बाधित पेशीच्या आवरणाला छिद्रे पाडते. त्या वाटेने ग्रॅन्झाइम नावाची विकरे आत शिरतात आणि ती पेशी मरते. तिच्याबरोबर आतला विषाणूंचा कारखानाही बंद पडतो.

मग या जादा शिपायांची गरज काय? आपल्या शरीरातील जवळजवळ प्रत्येक पेशी आत तयार होणाऱ्या प्रथिनांचे तुकडे आपल्या पृष्ठभागावर मांडून दाखवते. मारक पेशी ते तपासतात. परंतु काही विषाणू मोठे लबाड असतात. ते ही मांडणीच बंद पाडतात. साहाय्यक पेशी मात्र दुसऱ्याच प्रकारची मांडणी तपासतात. ती थोड्याच पेशींवर असते; पण दाह झाला की फुप्फुसांच्या अस्तरातील पेशीही ती दाखवू लागतात. एका पहारेकऱ्याला चकविलेला चोर दुसऱ्याच्या हाती सापडतो, तो असा!

मारणाऱ्या साहाय्यक पेशी प्रयोगशाळेत प्रथम दिसल्या, तेव्हा अनेक शास्त्रज्ञांनी त्या मानल्याच नाहीत. दीर्घकाळ काचपात्रात वाढविल्यामुळे त्या बिघडल्या असाव्यात, असे त्यांना वाटले. पुढे त्याच पेशी माणसाच्या ताज्या रक्तातही सापडल्या. २०१२ साली ब्रिटनमधील एक प्रयोग प्रसिद्ध झाला. त्यात निरोगी स्वयंसेवकांना मुद्दाम फ्लूची लागण करण्यात आली. त्या विशिष्ट विषाणूविरुद्ध त्यांच्या रक्तात प्रतिपिंडे नव्हती. तरीही फ्लूच्या अंतर्गत प्रथिनांना ओळखणाऱ्या साहाय्यक पेशी ज्यांच्यात आधीच अधिक होत्या, त्यांचा आजार सौम्य राहिला आणि त्यांच्या शरीरातून विषाणूही कमी बाहेर पडला. या पेशींत मारण्याची क्षमता असल्याचा पुरावाही मिळाला.

आता पुन्हा मुरुंब्याकडे वळू. फ्लूचा विषाणू आपला बाहेरचा वेष वरचेवर बदलतो, पण आतली प्रथिने फारशी बदलत नाहीत. २००८ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनात ब्रिटन व व्हिएतनाममधील निरोगी लोकांच्या टी-पेशींनी बर्ड फ्लूच्या प्रथिनांचे काही तुकडे ओळखले. नेहमीच्या फ्लूचीच ती आठवण होती! म्हणजे तो विषाणू आपल्याला अगदीच अनोळखी नाही. अर्थात ओळख म्हणजे अभेद्य कवच नव्हे. बर्ड फ्लू झालेली अनेक माणसे जगात दगावली आहेत. तेव्हा मेलेल्या पक्ष्याला हात न लावता पशुवैद्यकीय दवाखान्याला कळविणे, हाच शहाणपणा.

आमचे स्पष्ट मत असे, की ‘जोड्या लावा’ या प्रश्नात ‘साहाय्यक – मदत, मारक – नाश’ एवढे लिहून गुण मिळाले, तरी विज्ञान समजले असे होत नाही. नावे माणसाने सोयीसाठी दिली आहेत; पेशी काही ती वाचून कामाला लागत नाही. नावावर विसंबून ज्यांनी त्या पेशींना बिघडलेल्या ठरविले, त्यांची चूक ताज्या रक्ताच्या तपासणीने दाखवून दिली. लस पारखताना केवळ प्रतिपिंडे मोजून थांबू नये, या पेशीही मोजाव्यात, असे आम्हांला वाटते ते याचसाठी. आणि तुम्ही? पुस्तकात व्याख्या वाचलीत, की शिक्षकांना एक प्रश्न अवश्य विचारा, “हे नेहमीच असे घडते का?”