सर्व्हर दोन, डिस्क एक!

सर्व्हर खरेदीचा विषय निघाला की आपल्याकडे पहिला प्रश्न ठरलेला, "रॅम किती? कोअर किती?" डिस्कची पाळी शेवटी येते, आणि तीही "किती टीबी?" एवढ्यावरच संपते. माझं स्पष्ट मत आहे की वाशिम जिल्ह्यातल्या कॉलेजने ही यादी खालून वर वाचावी.

व्हर्च्युअलायझेशनमुळे आता एकाच यंत्रावर लायब्ररी, फी, टर्मवर्कचे मार्क असे चार-पाच सर्व्हर चालवता येतात. एक यंत्र बंद पडलं तर ते सगळे दुसऱ्यावर आपोआप सुरू होतात, यालाच हाय अव्हेलेबिलिटी म्हणतात. छान! पण दुसरं यंत्र फक्त पुन्हा सुरुवात करून देतं, हरवलेला डेटा आणून देत नाही. आणि दोघांच्या मागे स्टोरेज एकच असेल तर? २४ फेब्रुवारी २०२१ ला मुंबईच्या नॅशनल स्टॉक एक्स्चेंजचे व्यवहार सकाळी ११.४० ला थांबले, ते थेट दुपारी ३.४५ ला सुरू झाले. टेलिकॉम लिंक डळमळल्या आणि मुख्य स्टोरेजच सर्व्हरना दिसेनासं झालं, असं त्यांनीच नंतर सांगितलं. तिथे काय पैशाची कमी होती?

आता कॅश. (ही कॅश म्हणजे रोकड नव्हे, हॉस्टेलमध्ये टंचाई दोन्हींची असली तरी!) एसएसडी कॅश म्हणून लावतात तेव्हा तिची कामं दोन असतात, आणि त्यात जमीन-अस्मानाचा फरक आहे. रीड कॅश म्हणजे मेसच्या काउंटरवरचं पातेलं. सांडलं तरी आत मोठं भांडं आहेच. इथे स्वस्त एसएसडी खुशाल वापरा. राइट कॅश म्हणजे बाजार समितीत सोयाबीनचं माप झाल्यावर मिळणारी कच्ची चिठ्ठी. शेतकऱ्याला "नोंद झाली" म्हणून सांगितलं, पण वहीत अजून काहीच चढलेलं नाही. तेवढ्यात वारा आला आणि चिठ्ठी उडाली, तर माल कोणाचा?

आपल्याकडे वारा म्हणजे लाइट जाणं. म्हणून राइट कॅशची एसएसडी पॉवर लॉस प्रोटेक्शनवालीच हवी. तिच्यात कपॅसिटर असतात, वीज गेल्यावरही हातातलं लिखाण पूर्ण करण्यापुरते. शिवाय प्रत्येक नोंद दोन्ही यंत्रांवर लिहिली गेल्यावरच "झालं" असं उत्तर जावं. वेग थोडा कमी होईल, होऊ द्या. काहीजण वेगासाठी क्यूईएमयूमध्ये कॅश 'अनसेफ' वर ठेवतात. नावातच सांगितलंय, अजून काय सांगायचं?

महाग पडेल, असं सर म्हणतील. हिशोब करू. ४८० जीबीची एसएसडी रोज एकदा पूर्ण लिहिली तरी ५ वर्षं टिकेल अशी रेटिंगची असेल, तर एकूण लिखाण ८७६ टीबी होतं. आपण रोज २०० जीबी लिहिलं तरी कागदावर १२ वर्षं निघतात. प्रत्यक्षात एसएसडी आतल्या आत जास्त लिहिते, तरी निम्मं आयुष्य धरा. म्हणजे फार मोठी किंवा फार दणकट डिस्क लागतच नाही. लहान पण कपॅसिटरवाली घ्या, आणि रॅममध्ये काटछाट करा.

मात्र जोडी घेताना एकाच खोक्यातल्या दोन घेऊ नका! नोव्हेंबर २०१९ मध्ये एचपीईने कळवलं होतं की त्यांच्या काही एसएसडी फर्मवेअरच्या दोषामुळे ३२,७६८ तास चालल्या की डेटासकट बंद पडतात. म्हणजे ३ वर्षं, २७० दिवस, ८ तास. (दोनाचा पंधरावा घात, सी शिकलेल्यांना आकडा ओळखीचा असेल.) मिररच्या दोन्ही डिस्क एकाच दिवशी सुरू केल्या असतील तर दोघी एकाच तासाला जाणार. मग मिररचा उपयोग काय? निरनिराळ्या कंपनीच्या घ्या, फर्मवेअर अपडेट ठेवा, आणि एक जास्तीची कपाटात ठेवा. अशी डिस्क इथल्या बाजारात चटकन मिळत नाही. अकोला-नागपूरहून येईपर्यंत परीक्षा उरकलेली असेल.

बिल पास करण्याआधी एक चाचणी मात्र घ्याच. भरपूर लिखाण चालू असताना एका सर्व्हरचा प्लग ओढायचा, मग दोन्हींचा, आणि शेवटची नोंद सापडते का ते पाहायचं. प्लग ओढायला हॉस्टेलची मुलं कधीही तयार आहेत!