पाचवीच्या उत्तरपत्रिकेत नापास कोण?

दहा-अकरा वर्षांच्या लेकराच्या कपाळावर ‘नापास’ असा शिक्का मारण्याचा अधिकार महाराष्ट्र शासनाने पुन्हा आपल्या हाती घेतला आहे. 2009 च्या शिक्षण हक्क कायद्याने आठवीपर्यंत कोणत्याही मुलाला त्याच वर्गात मागे ठेवायला बंदी घातली होती. 2019 साली केंद्र सरकारने त्या कायद्याचे कलम 16 दुरुस्त केले आणि ही ढाल राज्यांच्या मर्जीवर सोडून दिली. महाराष्ट्राने 2023 मध्ये नियम बदलून पाचवी आणि आठवीला वार्षिक परीक्षा आणली. 35 टक्के मिळाले नाहीत तर पुनर्परीक्षा. तिच्यातही मिळाले नाहीत तर मूल पुन्हा त्याच बाकावर. ‘चला, ढकलपास बंद झाले’ म्हणून ज्यांना हर्षवायू झाला, त्यांची स्वतःची मुले जिल्हा परिषदेच्या वा नगरपालिकेच्या शाळेत शिकत नाहीत, हे येथे नमूद केलेच पाहिजे. दुसऱ्याच्या लेकराला नापास करण्यात यांना शैक्षणिक क्रांती दिसते!

आमचा परीक्षेला विरोध नाही. आमच्या मुलांना काय येते आणि काय येत नाही, हे कळालेच पाहिजे. बाबासाहेबांनी हाच हिशेब मागितला होता. मार्च 1927 मध्ये मुंबई विधिमंडळात शिक्षणाच्या अनुदानावर बोलताना त्यांनी सरकारपुढे आकडे ठेवले होते : प्राथमिक शाळेत शिरणाऱ्या शंभर मुलांपैकी अवघी अठरा चौथीपर्यंत पोहोचतात, बाकीची ब्याऐंशी पुन्हा निरक्षरतेच्या खाईत लोटली जातात. मात्र या ब्याऐंशी मुलांना बाबासाहेबांनी नालायक ठरवले नाही. त्यांनी सरकारला जाब विचारला. आजच्या राज्यकर्त्यांनी हा न्याय उलटा फिरवला आहे. चाचणीचा निकाल वाईट आला की दोषी मूल, दोषी त्याचे आईबाप, दोषी त्याची वस्ती. ज्यांच्यावर शिकवण्याची जबाबदारी होती ते मोकळे.

‘असर’ या नावाने 2005 पासून ग्रामीण भागात घरोघर जाऊन मुलांचे वाचन आणि गणित तपासले जाते. या पाहणीप्रमाणे 2018 साली देशातील ग्रामीण सरकारी शाळांतील पाचवीच्या मुलांपैकी 44.2 टक्के मुलांना दुसरीचा उतारा वाचता येत होता. कोरोनानंतर, 2022 मध्ये, हे प्रमाण 38.5 वर घसरले आणि 2024 मध्ये पुन्हा 44.8 वर आले. म्हणजे सहा वर्षे गेली आणि गाडी जिथल्या तिथे! पाचवीतली निम्म्याहून अधिक मुले दुसरीचा धडा वाचू शकत नसतील, तर तो काय निम्म्या मुलांच्या मेंदूचा दोष आहे? पहिलीपासून पाचवीपर्यंत पाच वर्ग आणि साठपर्यंत पट असेल तर शिक्षक दोन, हे तर खुद्द कायद्याचेच प्रमाण आहे. त्या दोघांच्याच माथी पोषण आहाराच्या नोंदी, निवडणुकीची कामे, ऑनलाइन माहिती भरणे. दोन माणसांनी पाच वर्ग सांभाळायचे आणि परीक्षा मात्र लेकराची घ्यायची, हा कुठला न्याय?

इथवर बोलायला बरेच जण तयार असतात. पुढे जातीचा प्रश्न आला की त्यांची वाचा बसते. म्हणून दोन अभ्यासांची माहिती आम्ही वाचकांपुढे ठेवतो.

पहिला कार्ला हॉफ आणि प्रियंका पांडे या अर्थशास्त्रज्ञांचा. त्यांनी उत्तर प्रदेशातील गावांमध्ये सहावी-सातवीच्या मुलांना कागदावरचे चक्रव्यूह सोडवायला दिले. निम्मी मुले उच्चवर्णीय, निम्मी अस्पृश्य मानल्या गेलेल्या जातीची. जोपर्यंत कोणाची जात उच्चारली गेली नाही, तोपर्यंत दोन्ही गटांच्या कामगिरीत म्हणण्यासारखा फरक नव्हता. मग दुसऱ्या काही गटांत मुलांचे नाव, बापाचे नाव, आजाचे नाव आणि जात सर्वांसमक्ष वाचून दाखवली आणि तेच चक्रव्यूह दिले. दलित मुलांची कामगिरी सुमारे वीस टक्क्यांनी खाली आली. तेच वय, तेच कोडे. मधे फक्त जात उच्चारली गेली होती. आता आपल्या शाळा आठवून पाहा. शिष्यवृत्तीचे अर्ज भरताना ‘एससीवाले उभे राहा’ असे वर्गात किती वेळा पुकारले जाते? त्या वर्गात दुसऱ्या दिवशी गणिताची चाचणी असते!

दुसरा अभ्यास रेमा हॅना आणि ली लिंडेन यांचा, 2012 साली प्रसिद्ध झालेला. मुलांच्या उत्तरपत्रिकांवर वाटेल तशी, चिठ्ठ्या टाकाव्या तशी, जात लिहून त्या शिक्षकांकडे तपासायला दिल्या. खालची जात लिहिलेल्या पेपरला गुण थोडे कमी पडले. फरक मोठा नव्हता, पण होता. आणि आमच्या वाचकांना बोचेल अशी गोष्ट पुढेच आहे. हे गुण कापण्यात मुख्यतः खालच्या मानल्या गेलेल्या जातींचेच शिक्षक होते. श्रेणीबद्ध विषमता माणसाच्या मनात किती खोल घर करते, ते बाबासाहेब आयुष्यभर सांगत राहिले. ती आरक्षणातून गुरुजी झालेल्या आपल्या माणसाच्या लाल पेनातूनही उतरते. शिक्षक संघटनांच्या अधिवेशनांत वेतन आयोगावर ठराव होतात, तसा एखादा ठराव यावरही व्हावा, अशी आमची मागणी आहे.

एल्फिन्स्टन हायस्कुलात फळ्यावर गणित सोडवायला भीमरावाला बोलावले, तेव्हा फळ्यामागे ठेवलेले आपापले डबे विटाळू नयेत म्हणून सवर्ण मुलांनी ते उचलायला धाव घेतली, हा प्रसंग चळवळीतल्या प्रत्येक घरात माहीत आहे. 1907 साली मॅट्रिकला त्यांना 750 पैकी 282 गुण मिळाले, हे मात्र फारसे कोणी सांगत नाही. टक्केवारी काढली तर 37.6. आजच्या 35 टक्क्यांच्या रेषेपेक्षा जेमतेम वर! त्या गुणपत्रिकेवरून या मुलाची पात्रता ठरवली असती, तर कोलंबिया विद्यापीठ आणि लंडनचे अर्थशास्त्र विद्यालय राहिले बाजूला, पुढच्या वर्गाची पायरीही त्याला दिसली नसती.

निकालाचा चाबूक केला की काय होते, ते अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांच्या वस्तीत पाहायला मिळाले आहे. तेथे 2002 पासून नव्या केंद्रीय कायद्याने शाळांचे भवितव्य चाचणीच्या गुणांवर टांगले गेले. अटलांटा शहरातील प्राथमिक व माध्यमिक शाळांचे गुण अचानक वाढू लागले आणि सगळीकडे वाहवा झाली. 2011 साली चौकशी अहवाल आला, तेव्हा 44 शाळांमध्ये घोटाळा झाल्याचे आणि 178 शिक्षक-मुख्याध्यापक त्यात गुंतल्याचे उघड झाले. मुलांची चुकलेली उत्तरे खोडून बरोबर केली जात होती. 2015 मध्ये अकरा जणांना न्यायालयाने दोषी ठरवले. पण ज्या मुलांना वाचता येत नसताना कागदावर हुशार ठरवले गेले, त्यांची जादा शिकवणीची गरजच लपून गेली. आपल्याकडेही 2015 पासून शाळा ‘प्रगत’ घोषित करण्याची चढाओढ लागली होती. किती शाळा कागदावर प्रगत झाल्या आणि किती खऱ्या, हे ज्याने त्याने आपल्या गावात जाऊन पाहावे.

आता पुनर्परीक्षेचा मुद्दा. कायदा सांगतो की अनुत्तीर्ण मुलाला जादा मार्गदर्शन द्यायचे आणि निकालापासून दोन महिन्यांच्या आत पुन्हा परीक्षा घ्यायची. निकाल लागतो मेच्या तोंडावर. मधे असते उन्हाळ्याची सुट्टी. शाळेला कुलूप, गुरुजी गावी, आणि मूल आईबापासोबत वीटभट्टीवर. हे जादा मार्गदर्शन कुठे होते? कोण करते? न शिकवता घेतलेली दुसरी परीक्षा ही केवळ पहिल्या निकालावर मारलेला दुसरा शिक्का आहे.

कलम 21 नुसार प्रत्येक सरकारी आणि अनुदानित शाळेत व्यवस्थापन समिती असते. तिच्यात तीन चतुर्थांश पालक, निम्म्या महिला आणि वंचित घटकांच्या पालकांना त्यांच्या प्रमाणात जागा, असे कायदाच सांगतो. या जागा आपल्या वस्त्यांनी रिकाम्या सोडू नयेत किंवा सरपंचाच्या पुतण्याला बहाल करू नयेत. जयंतीची वर्गणी गोळा करणाऱ्या तरुण मंडळांनी निकालाच्या दिवशी शाळेत जावे आणि पाचवीत किती मुले राहिली, त्यांत अनुसूचित जाती-जमातीची आणि भटक्या-विमुक्तांची किती, हे लेखी मागावे. सुट्टीत कोणत्या तारखांना, कोणी, किती तास शिकवले, त्याची नोंदवही पाहायला मागावी. उत्तरपत्रिकांवर नावाऐवजी क्रमांक घालावा आणि तपासणी शेजारच्या केंद्रातील शाळेकडून व्हावी, असा ठराव समितीत घेऊन तो गटशिक्षणाधिकाऱ्याला द्यावा. दहावीला बैठक क्रमांक चालतो, मग पाचवीला का चालू नये? आणि बुद्धविहारात संध्याकाळी दिवा लागतोच, तिथे मे महिन्यात रोज दोन तास वाचनाचा वर्ग सुरू करायला कोणाच्या परवानगीची गरज नाही.