मूठभर कापसाचा न्याय

दसरा-दिवाळी उलटली की आदिलाबादच्या बाजार आवारात कापसाच्या गाड्यांची रांग लागते. खरेदीदार गाडीत हात घालतो, मूठभर कापूस काढून ओलावा पाहतो आणि भाव ठरतो. एका कुटुंबाच्या वर्षभराच्या श्रमांचा निर्णय त्या मुठीवर होतो. व्यापारीबंधूंनी या मुठीचा थोडा विचार करावा, म्हणून हे चार शब्द.

संभवाचे गणित विद्वानांच्या ग्रंथांतच असते, असा समज आहे. वस्तुतः आभाळ पाहून ताडपत्री घेणारा शेतकरी आणि पत पाहून उधार देणारा दुकानदार नित्य तेच गणित करीत असतात.

समजा, गाडीतील चौथा हिस्सा कापूस ओला आहे. एकच मूठ घेतली, तर ती कोरडी निघण्याचा संभव शेकडा ७५, खरेदीदार फसतो. मूठ ओली निघाली, तर तीन हिस्से माल कोरडा असूनही साऱ्या गाडीवर ठपका येतो, शेतकरी बुडतो. परंतु निरनिराळ्या ठिकाणच्या आठ मुठी घेतल्या, तर त्या सर्व कोरड्या निघण्याचा संभव शेकडा १० च राहतो. भारतीय कापूस महामंडळाच्या हमी खरेदीत ओलावा शेकडा ८ पर्यंत पूर्ण भाव, १२ पर्यंत कपात आणि त्यापुढे नकार मिळतो. आता ओलावा मोजण्याचे यंत्र आले खरे. पण यंत्रापुढे ठेवावयाचा कापूस हातानेच निवडावा लागतो!

भारतीय सांख्यिकी संस्थेचे संस्थापक प्रशांतचंद्र महालनोबिस यांनी १९५४ साली संख्याशास्त्राच्या पायाची चर्चा करताना स्याद्वादाचा आधार घेतला. १९५७ साली हॉल्डेन या शास्त्रज्ञानेही त्याच विषयावर लिहिले. ‘स्यात्’ म्हणजे नुसते ‘कदाचित’ नव्हे. ‘एका अपेक्षेने’ असा त्याचा अर्थ आहे. एक मूठ गाडीविषयी जे सांगते, ते अशाच एका अपेक्षेने खरे असते. तेच पूर्ण सत्य मानणे हा एकांतवाद होय.

म्हणून आमचे नम्र मत असे की, वरचा, तळचा आणि कडेचा मिळून निदान आठ ठिकाणचा कापूस शेतकऱ्यासमक्ष काढावा, त्याच्या ओलाव्याची सरासरी घ्यावी आणि आकडा त्याला सांगावा. यास फार तर घटकाभर वेळ लागेल. निश्चिततेचा आव आपण आणावा आणि अनिश्चिततेचा तोटा मात्र शेतकऱ्याने सोसावा, हा व्यापार नव्हे.