सिंहलद्वीपाची सहल आणि आपला हिशेब

सामुदायिक सहल ही आता आपल्या संघाच्या वार्षिक कार्यक्रमातील रूढ बाब होऊन बसली आहे. गेल्या हिवाळ्यात आपल्या चौतीस सभासदांचा व त्यांच्या कुटुंबीयांचा मेळा सात दिवसांत श्रीलंका पाहून आला. त्या मेळ्यात आम्हीही होतो. परत आल्यावर जो तो विचारी, "सहल कशी झाली?" आणि आम्ही सारे एकमुखाने सांगत असू, "छान झाली." हे उत्तर खोटे नव्हते, परंतु पुरते खरेही नव्हते. येत्या सर्वसाधारण सभेपुढे पुढील सहलीचा विषय यावयाचा असल्यामुळे त्या उत्तराचा राहिलेला अर्धा भाग स्मरणिकेच्या या पानांवर मांडणे आम्हांस कर्तव्य वाटते.

आपल्यांपैकी ज्यांचे केस पिकले आहेत, त्यांच्या घरात सिलोन हे नाव प्रथम रेडिओवरून आले. 1952 साली सुरू झालेली बिनाका गीतमाला ऐकण्यासाठी पुढे कित्येक वर्षे दुकानाच्या फळ्या थोड्या लवकर पडत. 1972 साली त्या देशाने श्रीलंका हे नाव धारण केले, तरी आपल्या तोंडी सिलोनच राहिले. त्याहून जुनी ओळख रामकथेची. आणि विमलसूरींच्या 'पउमचरिया'तील रावण तर राक्षस नसून विद्याधर आहे. असा हा आपल्या मनात पिढ्यान्‌पिढ्या वसलेला देश. क्षेत्रफळ 65,610 चौरस किलोमीटर, म्हणजे महाराष्ट्राच्या पंचमांशाहून थोडे अधिक. एवढासा देश सात दिवसांत सहज उरकेल, असे आम्हांस वाटले. आमची पहिली चूक 'उरकेल' या शब्दातच होती.

दुसरी चूक अधिक लाजिरवाणी आहे, कारण ती व्यापाऱ्यांनी केलेली आहे. सहल ठरविताना आपल्या समितीने प्रवासी व्यवस्थापकांशी तीन बैठका घेऊन घासाघीस केली आणि माणशी अडीच हजार रुपये कमी करून घेतले. त्या रात्री आपण एकमेकांची पाठ थोपटली. पडतळीच्या खाली कोणी माल विकत नाही, आणि विकलाच तर कसर दुसरीकडून भरून काढतो, हे रविवार पेठेतील नवशिका गुमास्ताही जाणतो. ती गोष्ट चौतीस अनुभवी व्यापाऱ्यांपैकी एकाच्याही ध्यानात आली नाही. आम्हांला वाटले की, आपण वटाव मिळविला. वस्तुतः आम्ही आमचा वेळ विकून आलो होतो.

तो कसा विकला गेला, ते तिसऱ्या दिवशी कळले. त्या दिवशी सकाळी सिगिरिया व दुपारी अनुराधपूर असा छापील कार्यक्रम होता. सिगिरियाचा तो प्रचंड खडक आम्ही बाराशे पायऱ्या चढून पाहिला. पित्याचा वध करून गादीवर बसलेल्या कश्यप राजाने पाचव्या शतकाच्या अखेरीस भावाच्या भयाने त्या माथ्यावर राजवाडा बांधला. वाटेत आरशासारखी घोटलेली एक भिंत आहे. तिच्यावर मुख्यतः आठव्या ते दहाव्या शतकांत खडक पाहण्यास आलेल्या लोकांनी आपल्या कविता कोरून ठेविल्या आहेत. सेनरत परणवितान या विद्वानांनी त्यांतील 685 लेख वाचून 1956 साली प्रसिद्ध केले. म्हणजे सहलीला येण्याची रीत तेथे हजार वर्षांची आहे. त्या जुन्या प्रवाशांना भिंतीपुढे उभे राहून श्लोक जुळविण्याइतकी सवड होती. आम्हांला छायाचित्रासाठी दहा मिनिटे मिळाली.

खाली उतरल्यावर आम्हांस सांगण्यात आले की, अनुराधपुरास जाण्या-येण्यात चार तास मोडतील, सूर्यास्तापूर्वी भोजन होणार नाही, सबब तो टप्पा गाळावा. सूर्यास्ताचे नाव निघताच आमच्यापैकी कोणी हरकत घेतली नाही. गाडी कँडीच्या वाटेला लागली. त्या वाटेवर मातले येथे मसाल्याच्या एका बागेत आमचा दीड तास गेला आणि पुढे रत्नांच्या एका पेढीत आणखी दीड तास. म्हणजे वेळ नव्हता असे नाही. वेळेला गिऱ्हाईक आधीच मिळालेले होते.

बागेत वेलदोडा, मिरी, जायफळ यांची झाडे दाखविल्यानंतर तेलांच्या व लेपांच्या बाटल्या पुढे आल्या. आमच्यातील एक बंधू स्वतः मसाल्याचे घाऊक व्यापारी आहेत. त्यांनी मनातल्या मनात किलोचा भाव काढला आणि ते चकित झाले. तरी सर्वांनी घेतले म्हणून त्यांनीही एक बाटली घेतली. ती अद्याप फोडलेली नाही, असे ते हसत सांगतात. रत्नांच्या पेढीत तर बैठकीत वाचविलेल्या अडीच हजारांच्या कितीतरी पट रक्कम पुष्कळ कुटुंबांनी अर्ध्या तासात मोजली. खडे खोटे होते असे आमचे म्हणणे नाही. भाव विचारण्याचे स्वातंत्र्यही होते. नव्हते ते भाव पारखण्याचे. परक्या गावात एकाच दुकानापुढे उतरविलेल्या गिऱ्हाइकास दुसरे दुकान नसते.

आता त्या दिवशी काय हुकले ते सांगतो. 'महावंस' या पाली इतिहासग्रंथात असे नमूद आहे की, पंडुकाभय राजाने अनुराधपूर वसविले तेव्हा ज्योतिय, गिरि आदी निर्ग्रंथांसाठी तेथे निवासस्थाने बांधून दिली. निर्ग्रंथ म्हणजे जैन साधू. सिंहलद्वीपात बौद्ध धर्म पोहोचण्यापूर्वीची ही हकीकत त्या ग्रंथाने सांगितली आहे. पुढे इसवी सनापूर्वी पहिल्या शतकात वट्टगामणी अभय राजा पराभूत होऊन पळत असता गिरि नावाच्या निर्ग्रंथाने त्याला हिणविले. गादी परत मिळताच राजाने तो निर्ग्रंथांचा आराम पाडून त्या जागी अभयगिरी विहार उभारला. अभयगिरीच्या नावात राजाचा 'अभय' आहे आणि त्या निर्ग्रंथाचा 'गिरि'ही आहे, अशी तेथील परंपरा आहे. या कथेत आपल्या साधूची वाणी संयमाची नव्हती आणि राजाचे कृत्य क्षमेचे नव्हते. दोन्ही बाजूंनी मान खाली घालावयास लावणारी ही कथा त्या भूमीवर उभे राहून ऐकण्यासारखी आहे.

त्याच अभयगिरीत इसवी सनाच्या पाचव्या शतकाच्या आरंभी फाहियान हा चिनी यात्रेकरू आला होता. तेथे पाच हजार भिक्षू राहत असल्याचे त्याने लिहून ठेविले आहे. मायदेश सोडून त्याला बरीच वर्षे झाली होती. एके दिवशी तेथील मूर्तीपुढे एका व्यापाऱ्याने चीनची पांढऱ्या रेशमाची एक विंझण अर्पण केलेली त्याने पाहिली आणि त्याचे डोळे भरून आले. व्यापाऱ्याच्या हातून गेलेला माल कोणाच्या काळजाला कोठे जाऊन भिडेल याचा नेम नसतो, हे सांगण्यास याहून चांगले स्थळ आम्हांस ठाऊक नाही. जैनांचा आणि व्यापाऱ्यांचा मेळा त्या स्थळापासून दोन तासांच्या अंतरावर येऊन माघारी फिरला, आणि त्याऐवजी त्याने लेपाच्या बाटल्या पाहिल्या.

यात दोष कोणाचा? आमच्यातील काही जणांनी मार्गदर्शकावर ठपका ठेविला. आम्हांस तो अन्याय वाटतो. हा गृहस्थ परवानाधारक, बहुश्रुत आणि अत्यंत मृदू होता. कँडीच्या तळ्याकाठी एका संध्याकाळी तो मोकळेपणे बोलला. 2018 साली त्याच्या देशात तेवीस लाखांहून अधिक परदेशी प्रवासी आले होते. 2019 च्या एप्रिलमधील बाँबस्फोट, पाठोपाठ महासाथ, यांमुळे 2021 साली ही संख्या दोन लाखांच्याही खाली गेली. 2022 साली इंधनासाठी रांगा लागल्या आणि देशाने परकीय कर्जाची फेड थांबविली. त्या काळात तो तीनचाकी चालवून घर चालवीत होता. आता प्रवासी परत आले आहेत. पण त्याच्या वाट्याला येणारा रोजचा भत्ता इतका तुटपुंजा की, दुकानांची दलाली मिळाली नाही तर महिना निघत नाही. "साहेब, तुम्ही तिकडे जे कमी दिलेत, ते मी येथे तुमच्याकडूनच घेतो," असे तो म्हणाला. आम्हांला उत्तर सुचले नाही. दलाली हे पाप नव्हे. आपली अडतपेठ तिच्यावरच उभी आहे. पण आपल्या पेठेत ती पावतीवर लिहिलेली असते. न सांगितलेली दलाली म्हणजे तराजूच्या पारड्याखाली चिकटविलेले मेण होय. खोटे माप अचौर्याणुव्रताच्या अतिचारांत गणले आहे, हे आपण बालपणापासून ऐकत आलो. येथे ते मेण आमच्याच घासाघिशीने चिकटले होते.

यावर कोणी म्हणेल की, खर्च वाढला तर सामान्य सभासदाने जावे कसे? ही शंका रास्त आहे. आमचे उत्तर इतकेच की, सामान्य सभासदाचीच फसगत या स्वस्ताईत अधिक होते. श्रीमंताला खड्याचे पैसे जड नव्हते. मुलीच्या आग्रहाखातर ज्याने ते मोजले, त्याला जड गेले. उघड आकार थोडा अधिक आणि छुपा खर्च शून्य, हा व्यवहार त्यालाच सोयीचा आहे. त्यातूनही ज्याला झेपत नसेल, त्याच्यासाठी संघाच्या निधीतून साहाय्य व्हावे. ते दान सत्कारणी लागेल.

म्हणून आमच्या काही सूचना आहेत. दिवस तेच ठेवून मुक्कामाची स्थळे निम्मी करावीत. मार्गदर्शकाचा व गाडीवानाचा मेहनताना आपण स्वतः योग्य आकारून करारात लिहावा आणि आपणहून मागितल्याखेरीज गाडी कोणत्याही दुकानापुढे थांबू नये, हेही त्यातच लिहावे. हत्तीवर बसण्याचा कार्यक्रम पत्रकातूनच काढावा. साखळदंडात उभ्या प्राण्याच्या पाठीवर बसणे आपल्याला शोभत नाही. निघण्यापूर्वी दोन संध्याकाळी एकत्र बसून त्या देशाविषयी वाचन व्हावे.

आणि व्यापाऱ्यांच्या मेळ्याने व्यापार पाहावा. कोलंबोच्या पेटा भागात सोन्याची गल्ली वेगळी, कापडाची वेगळी, औषधी मुळ्यांची वेगळी. तेथे पायी फिरताना आपली पेठ आठवल्यावाचून राहत नाही. 1883 पासून चालत आलेला चहाचा लिलाव 2020 च्या एप्रिलपासून संगणकावर होऊ लागला, तो बदल तेथील दलालांकडून समजून घ्यावा. दालचिनीची आतली पातळ साल सोलून, पदरात पदर घालून कांडी कशी वळतात ते पाहावे, म्हणजे जाड सालीच्या स्वस्त मालाहून ती महाग का, हे वेगळे सांगावे लागणार नाही. 2022 साली युरोपीय संघाने 'सिलोन दालचिनी' या नावास भौगोलिक मानांकन दिले, ते या कसबासाठीच. कोलंबोच्या संग्रहालयात गॉल येथे 1911 साली सापडलेली एक शिळा आहे. चिनी सेनानी झेंग हे याच्या नौकायात्रेतील 1409 सालचा तो लेख चिनी, तमिळ आणि फारसी अशा तीन भाषांत कोरलेला आहे. परक्या बंदरात उतरताना तेथे येणाऱ्या सर्वांच्या भाषेत बोलावे, हा धडा सीमेवरच्या गावात तीन भाषांत हिशेब ठेवणाऱ्या आपणांस कोणी शिकवावयास नको. तरी ती शिळा पाहून आनंद होईल.

चहाच्या कारखान्यात आम्हांला एकेक पेला चहा आणि पुडे मिळाले. पाने खुडणाऱ्या हातांविषयी एक शब्दही नाही. 1867 साली जेम्स टेलर याने लूलकंदुरा येथे चहाची लागवड सुरू केली. कॉफीवर रोग पडल्यावर तिची जागा चहाने घेतली. मळ्यांसाठी दक्षिण भारतातून तमिळ मजूर नेण्यात आले. 1948 च्या कायद्याने त्यांच्या वंशजांपैकी लाखो लोक नागरिकत्वाला मुकले. 1964 साली उभय देशांत करार झाला, आणि उरलेल्यांची तड 2003 च्या कायद्याने लागली. एका रेषेच्या कोणत्या बाजूला आपण मोजले जातो, हा प्रश्न ज्या भागात घरोघर बोलला जातो, त्या भागातील प्रवाशांनी हे ऐकल्यावाचून तो चहा पिऊ नये.

शेवटी भोजनाविषयी. आपला महाराज, आपले पीठ, आपले खाखरे सोबत असावेत, यात दुमत नाही. तेथील पुष्कळ पदार्थांत सुक्या मासळीचा चुरा पडतो, म्हणून सावधगिरी हवीच. पण तांदूळ नारळाच्या दुधात शिजवून केलेला किरिबत हा सिंहली लोकांचा मंगलप्रसंगीचा भात आहे, आणि त्यात त्या दोहोंखेरीज मीठच काय ते असते. आपल्या महाराजाने तो एकदा तेथील गृहिणीकडून शिकून रांधावा, सोबत माडाच्या जातीच्या कितुल झाडाचा गूळ घ्यावा आणि मार्गदर्शकास व गाडीवानास आपल्या पंगतीत बसवावे. सात दिवस ते दोघे आमच्या पंगतीबाहेर जेवले, याची रुखरुख आम्हांला आजही आहे.

सभेपुढे ठराव येईल तेव्हा कोणी तरी अवश्य विचारील, "माणशी किती कमी होतील?" त्या प्रश्नाबरोबरच "अनुराधपुरासाठी किती वेळ ठेविला आहे?" हाही प्रश्न कोणी विचारावा आणि त्याचे उत्तर करारात लिहून घ्यावे, एवढीच आमची सभासदांस नम्र विनंती आहे.