बाजार समितीचा मतदार कोण?

निवडणुकीचे दिवस जवळ आले म्हणजे गावच्या पारावर राज्यकारभाराची चर्चा रंगू लागते. मुंबईत कोणाचे मंत्रिमंडळ टिकेल, कोणी कोणाचा पक्ष सोडला, याविषयी आमच्या शेतकरी बंधूंपाशी इतकी बारीक माहिती असते की, ऐकणाराने थक्क व्हावे. ही जागरूकता आम्ही दोषास्पद मानीत नाही. परंतु ज्या आवारात आपली तूर व आपला कांदा दर हंगामास तोलला जातो, त्या बाजार समितीवर कोण निवडून गेले व कोणाच्या मतांनी गेले, असे त्याच मंडळीस विचारावे, म्हणजे बहुधा सर्वजण एकमेकांच्या तोंडाकडे पाहू लागतात. यात त्यांचा दोष थोडा आहे. ज्या निवडणुकीत आपणांस मतच नाही, तिची चर्चा कोणी कशासाठी करावी?

वस्तुस्थिती अशी आहे. १९६३ च्या कायद्याखाली चालणाऱ्या समितीच्या १८ जागांसाठी एप्रिल २०२३ मध्ये राज्यभर निवडणुका झाल्या. त्यांपैकी १५ जागा शेतकऱ्यांच्या प्रतिनिधींच्या, २ व्यापारी व अडते यांच्या आणि १ हमाल व तोलारी यांची. व्यापारी आपला प्रतिनिधी स्वतः निवडतो, हमालही निवडतो. शेतकऱ्यांच्या १५ जागांसाठी मात्र शेतकरी मत देत नाही. ११ जागा सेवा सोसायट्यांच्या पंचमंडळांनी भरावयाच्या व ४ ग्रामपंचायतींच्या सभासदांनी. एखाद्या गावात सोसायटीचे १३ पंच व पंचायतीचे ९ सभासद धरले, तर गावाची मते झाली २२; मग खातेदार हजार असोत की दोन हजार.

ही स्थिती बदलण्याचा एक प्रयत्न झाला होता. २०१७ साली कायद्यात दुरुस्ती होऊन, ज्याच्यापाशी निदान १० गुंठे जमीन आहे व ज्याने पाच वर्षांत तीन वेळा त्या बाजारात माल विकला आहे, अशा १८ वर्षांवरील प्रत्येक शेतकऱ्यास मताचा अधिकार मिळाला. सोलापूरच्या समितीची २०१८ ची निवडणूक याच पद्धतीने झाली. २०२० साली सरकार बदललेले होते. त्या नव्या सरकारने हा अधिकार काढून घेतला. २०२२ च्या जूनअखेरीस पुन्हा सरकार बदलले व जुलैत तो परत देण्याचा निर्णय जाहीर झाला. पण प्रत्यक्ष निवडणुकीची वेळ आली तेव्हा मतदार जुनेच राहिले आणि शेतकऱ्यास केवळ उमेदवार म्हणून उभे राहण्याची मुभा मिळाली. म्हणजे त्याने उभे राहावे, प्रचार करावा, आणि मतदानाच्या दिवशी स्वतःस मत देता येत नाही म्हणून केंद्राबाहेर उभे राहावे! असा उमेदवार दुसऱ्या कोणत्या निवडणुकीत आढळतो, ते वाचकांनीच सांगावे.

सरपंचाच्या निवडीचेही असेच झाले. २०१७ साली ती थेट गावकऱ्यांकडे आली, २०२० साली पंचायतीच्या सभासदांकडे गेली, २०२२ साली पुन्हा गावकऱ्यांकडे आली. दोन्ही पद्धतींच्या बाजूने बोलण्यासारखे पुष्कळ आहे. परंतु पाच वर्षांत तीनदा नियम फिरला आणि एकदाही ग्रामसभेचे मत घ्यावे असे कोणत्याही पक्षास वाटले नाही, ही गोष्ट आम्हांस अधिक खटकते. आपल्या पक्षास कोणती पद्धत सोयीची, एवढाच विचार उभय बाजूंनी केला, असे कोणी म्हटल्यास त्यास उत्तर देणे कठीण जाईल.

शेतकऱ्याच्या मताविरुद्ध जो मुख्य आक्षेप घेतला जातो तो खर्चाचा. तो पोकळ नाही. तालुक्यातील हजारो खातेदारांच्या याद्या, गावोगाव केंद्रे, नोकरवर्ग, हा सर्व भार समितीच्या तिजोरीवर पडतो आणि लहान समित्यांस तो पेलत नाही. पण आजच्या पद्धतीत खर्च होत नाही काय? मतदार थोडके असले की त्यांस गाठणे सोपे होते. मतदानापूर्वी आठ-आठ दिवस मतदारांस सहलीस नेऊन ठेवण्याची चाल आता कोणास नवी नाही. तो खर्च समितीच्या जमाखर्चात दिसत नाही इतकेच. पुढे तो कोणाच्या मालातून वसूल होतो, हे कडत्याने व तोलाईने गांजलेल्या शेतकऱ्यास समजावून सांगण्याचे कारण नाही.

दुसरा एक दोष आमच्या दृष्टीने याहून मोठा आहे. सोसायटीच्या थकबाकीदारास पंच होता येत नाही. ज्याचे पीक लागोपाठ दोन साल बुडाले, तो पंचमंडळातून बाहेर आणि म्हणून बाजाराच्या मतदारयादीतूनही बाहेर. ज्याने सोसायटीचे कर्ज कधी काढलेच नाही, त्याचीही गत तीच. बाजारातील पडत्या भावाची व उशिरा मिळणाऱ्या पट्टीची झळ ज्यास सर्वांत अधिक लागते, त्याचाच आवाज तेथे पोचत नाही.

वऱ्हाडात कारंजा येथे १८८६ साली कापसाचा नियंत्रित बाजार सुरू झाला आणि १८९७ साली तेथील बाजारांसाठी कायदा झाला, तेव्हा समित्यांवर व्यापाऱ्यांचे प्राबल्य असे. उत्पादकास त्या मेजाशी जागा मिळण्यास मुंबई इलाख्यात १९२७ चा कापूस बाजार कायदा यावा लागला. जागा मिळून शतक होत आले. ती जागा भरण्याचा अधिकार अद्याप त्याच्या हाती नाही.

खर्च कमी करण्याचा मार्ग आम्हांस असा दिसतो. मतदारयादी सातबाऱ्यावरून न करता समितीच्याच आवक-नोंदीवरून करावी. माल दारात आला की शेतकऱ्याचे नाव लिहिले जातेच. त्या नोंदी वर्षभर जुळवीत गेल्यास निवडणुकीच्या वेळी निराळी धावपळ नको. मतदानही गावोगाव न घेता मुख्य व दुय्यम आवारांत, बाजाराच्या लागोपाठ तीन-चार दिवशी घ्यावे. यात अडचणी आहेत. पाच जणांचा माल एकाच गाडीत व एकाच नावावर जातो. खेडोपाडीच माल विकणारा अल्पभूधारक यादीत येणार नाही. आणि शेतात राबणाऱ्या आमच्या भगिनींपैकी फार थोड्यांच्या नावे पट्टी निघते. पहिली अडचण नोंद नीट ठेवल्यास दूर होईल. उरलेल्या दोन्हींवर आम्हांस समाधानकारक तोड सुचलेली नाही. वाचकांस सुचल्यास अवश्य कळवावी.

आता थोडे घरचे बोलू. या मासिकाच्या वाचकांपैकी कितीतरी जण आपापल्या सोसायटीचे चेअरमन अथवा पंच आहेत. जी २२ मते आम्ही वर मोजली, ती त्यांचीच आहेत. बाजार समितीची निवडणूक आली की मोठमोठे पुढारी त्यांच्या ओसरीवर येऊन बसतात. हा मान सोडून द्या म्हणणे आम्हांस सोपे वाटत नाही. तथापि मुंबईतील मंत्रिमंडळ हा प्रश्न सोडवील, याची वाट गेली कित्येक वर्षे आपण पाहिली. सोसायटीची वार्षिक सर्वसाधारण सभा दर वर्षी भरते, ग्रामसभा वर्षातून निदान चार वेळा भरते. शेतकऱ्यास प्रत्यक्ष मत असावे, असा ठराव तेथे मांडण्यास कोणाचीच आडकाठी नाही. तो मांडणारा स्वतः पंच असला तर सरकारदरबारी त्याचे वजन निराळे पडेल. असे ठराव आमच्याकडे आल्यास ते गावाच्या नावासह या पानावर छापण्यास आम्ही जागा राखून ठेवू.