लिहिलेले आहे, म्हणून?

गेल्या दिवाळीची गोष्ट. अभ्यंगस्नाने आटोपून आम्ही सारे फराळाला बसलो होतो, आणि चकलीआधी वादाला तोंड फुटले. पुतण्या म्हणाला, "काका, पानिपतावर मोजून एक लाख मराठे पडले. 'लाख बांगडी फुटली' म्हणतातच ना! आणि हे बघा, मोबाइलवर लिहिलेलंही आहे." आमचे मेहुणे उसळले. "असल्या म्हणी आणि बखरी चुलीत घाला! अस्सल कागद तेवढा खरा, बाकी गप्पा." निवाड्यासाठी दोघांनी माझ्याकडे पाहिले. मी दोघांनाही चुकीचे ठरवले आणि शेवटच्या अनारशाला मुकलो. त्या अनारशाची ही फिर्याद.

आधी पुतण्याकडे वळू. 'लिहिलेले आहे' हा पुरावा नव्हे. ती केवळ पुराव्याची सुरुवात आहे. शेताच्या बांधाचा तंटा निघाला, की आपण सात-बारा मागतो, तो कोणत्या सालचा आणि नोंद कोणी केली हे निरखून पाहतो. चार गुंठ्यांसाठी इतकी सावधगिरी, आणि साऱ्या समाजाच्या इतिहासासाठी काहीच नाही? हा कुठला न्याय?

इतिहासाचार्य राजवाड्यांनी गावोगाव पायपीट करून जुनी दप्तरे मिळवली ती याच हट्टापायी. 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने' या त्यांच्या मालेचा पहिला खंड १८९८ साली निघाला. त्यात १७५० ते १७६१ या काळातली पत्रे होती. पुढे काय होणार हे लिहिणाराला ठाऊक नसतानाची ती पत्रे! युद्धाचा शेवट कळल्यावर रचलेली बखर त्यांच्यासमोर कालक्रमाच्या बाबतीत लंगडी पडली, यात नवल ते काय?

म्हणजे मेहुण्यांचे खरे? छे! अस्सल कागदही माणसानेच लिहिलेला असतो. वतनाच्या तंट्यात बनावट कागद करणारे महाभाग आपल्याकडे कमी नव्हते. आणि बनावट नसलेला कागद तरी नेहमी खरे बोलतो काय? इंग्रज वखारवाल्यांची पत्रे अस्सल खरी. पण शिवाजी महाराज हयात असतानाच त्यांच्या मृत्यूच्या वार्ता या पत्रांतून एकदा नव्हे, अनेकदा गेल्या. अशा पत्रावरून महाराज त्या दिवशी वारले असे सिद्ध होत नाही. वखारीत त्या दिवशी कोणती आवई उठली होती, एवढेच सिद्ध होते.

उलट मेहुणे ज्याला गप्पा म्हणतील, तेच कधी साक्षीला उभे राहते. काही बखरी महाराजांचा जन्म १६२७ साली झाला असे सांगत. पुढे कारीच्या जेधे देशमुखांच्या घरची शकावली लोकमान्य टिळकांनी १९१६ साली प्रसिद्ध केली. तिच्यात शके १५५१, फाल्गुन वद्य तृतीया अशी नोंद निघाली. म्हणजे १९ फेब्रुवारी १६३०. तीच तिथी महाराजांच्या पदरच्या कवींद्र परमानंदाच्या 'शिवभारता'तही आहे. एक कोरडी टिपणवही, दुसरे संस्कृत काव्य. दोन वेगळ्या जातींची साधने एकच गोष्ट सांगू लागली, तेव्हा तिथीला बळ आले. काव्य म्हणून ते चुलीत घातले असते, तर एक साक्षीदार जळाला असता!

तेव्हा मुद्दा असा, की कागद खरा की खोटा एवढेच विचारून भागत नाही. कोणत्या प्रश्नापुरता खरा, हे विचारावे लागते. सभासदाने आपली बखर महाराजांच्या पश्चात, जिंजीला, राजाराम महाराजांच्या आज्ञेवरून लिहिली. तिच्यातली तिथी आणि आकडे पारखूनच घ्यावेत. पण महाराजांच्या पदरी राहिलेला माणूस आपल्या धन्याकडे कोणत्या डोळ्यांनी पाहत होता, हे कोणता जमाखर्च सांगेल? आणि 'लाख बांगडी फुटली' ही पानिपतची शिरगणती नव्हे, पुतणेबुवा. तो महाराष्ट्राचा हंबरडा आहे. मृतांच्या संख्येसाठी तो निकामी, दुःखाच्या खोलीसाठी अमोल!

कुणी म्हणेल, सणासुदीला ही पंडिती उठाठेव कशाला? पुण्यात ५ जानेवारी २००४ रोजी काय घडले ते आठवा. एका पुस्तकातल्या विधानावरून संताप उसळला. त्या विधानाला समकालीन कागदाचा आधार नव्हता. ती ऐकीव थट्टा होती. 'आधार दाखवा' या दोन शब्दांत तिचा निकाल लागला असता. त्याऐवजी जमाव भांडारकर प्राच्यविद्या संशोधन संस्थेवर चालून गेला, आणि पोथ्या नि ग्रंथ विस्कटले गेले. महाराजांच्या नावाने महाराष्ट्राचेच साक्षीदार तुडवले! पुरावा मागायची सवय मोडली, की माणसे पुरावाच मोडू लागतात.

म्हणून यंदा फराळाच्या ताटावर वाद जरूर घाला. वादाविना मराठी माणसाला फराळ पचत नाही. फक्त कुणी 'लिहिलेले आहे' म्हणाला, की त्याला चार गोष्टी विचारा. कोणी लिहिले? केव्हा लिहिले? कोणासाठी लिहिले? आणि आपल्या प्रश्नाचे उत्तर त्याला ठाऊक असणे शक्य तरी होते काय? उत्तरे मिळेपर्यंत आवाज चढवू नका.

आणि हो, अनारसा मात्र आधीच उचलून ठेवा.