राजीखुशीने आणि अक्कलहुशारीने

आमच्या घरच्या जुन्या कागदपत्रांत माझ्या आजीच्या अंगठ्याचा ठसा असलेले एक खरेदीखत आहे. आजीला लिहिता-वाचता येत नव्हते. दस्ताच्या शेवटी लेखनिकाने तिचे नाव लिहून ‘निशाणी डावे हाताचा अंगठा’ अशी नोंद केली आहे. दस्त वाचून दाखविला, तो समजला, आणि राजीखुशीने व अक्कलहुशारीने लिहून दिला, अशा अर्थाचा मजकूर त्यावर आहे. खाली दोन साक्षीदारांच्या सह्या आहेत. दस्तांच्या भाषेला आपण ठोकळेबाज म्हणून हसतो. पण या जोडशब्दांत संमतीच्या दोन्ही अटी नेमक्या आल्या आहेत. राजीखुशी म्हणजे दडपण नसणे आणि अक्कलहुशारी म्हणजे आपण कशाला होकार देत आहोत याची जाण असणे. राजी, खुशी, अक्कल, हुशारी हे चारही शब्द फारसी-अरबीकडून मराठीत आले आणि मराठी माणसाच्या व्यवहारात पुरते रुजले.

भारतीय करार अधिनियम १८७२ सालचा आहे. त्याच्या तेराव्या कलमानुसार दोन किंवा अधिक व्यक्ती एकाच गोष्टीला एकाच अर्थाने मान्यता देतात, तेव्हाच त्यांची संमती झाली असे म्हणता येते. ‘एकाच अर्थाने’ ही अट माझ्यासारख्या भाषाविज्ञानाच्या अभ्यासकाला फार मोलाची वाटते, कारण संमती ही मुळात अर्थाची बाब आहे, हे कायद्याने येथे मान्य केले आहे. जे. एल. ऑस्टिन यांनी १९५५ मध्ये हार्वर्ड विद्यापीठात दिलेली व्याख्याने पुढे १९६२ मध्ये ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाली. काही उक्ती वस्तुस्थितीचे वर्णन करीत नाहीत, त्या स्वतःच कृती असतात, हे त्यांनी तेथे मांडले. वचन देणे, नाव ठेवणे, पैज लावणे या अशा कृती होत. मात्र त्या सफल होण्यासाठी काही अटी पुऱ्या व्हाव्या लागतात. ‘मी सहमत आहे’ ही अशीच कृतिरूप उक्ती आहे. आज संगणकावर वा भ्रमणध्वनीवर आपण ती दिवसातून कित्येकदा उच्चारतो. उच्चारतो म्हणजे बोट टेकवितो. ती सफल होण्याच्या अटी पुऱ्या होतात का, हा प्रश्न येथे मांडावयाचा आहे.

तो मला सुचला तो वाचनातून नव्हे. पीएच.डी.च्या प्रबंधासाठी १९९० नंतरच्या दशकात मी माण तालुक्यातील एका गावात स्त्रियांच्या बोलीचे ध्वनिमुद्रण केले होते. अकरा स्त्रिया मला निवेदक म्हणून लाभल्या. बोलीचा नमुना मिळावा म्हणून आपण ‘काहीही बोला’ असे म्हणतो, आणि बाई बोलू लागली की ती वाक्यरचनेचा नमुना म्हणून बोलत नाही. ती सासरचे सांगते, गेलेल्या मुलाचे सांगते, उसनवारीचे सांगते. त्या प्रत्येकीला मी शब्द दिला होता की, तुमचे बोलणे माझ्याखेरीज कोणी ऐकणार नाही. कॅसेट्स मी घरच्या लोखंडी पेटीत ठेवल्या होत्या. पुढे फीत खराब होऊ लागली म्हणून सर्व मुद्रणे संगणकावर उतरवून घेतली.

काही वर्षांनी त्या संगणकावरील एका सॉफ्टवेअरची नवी आवृत्ती आली. ती बसविताना एकामागून एक चौकटी उघडत गेल्या. वर्गाची वेळ झाली होती. मी प्रत्येक चौकटीत ‘पुढे’ असे दाबत गेले. पुष्कळ दिवसांनी ध्यानात आले की माझी संपूर्ण कागदपत्रांची फोल्डर, निवेदकांच्या आवाजांसह, कंपनीच्या दूरवरच्या सर्व्हरवर उतरविली गेली आहे आणि मी करीन तो प्रत्येक बदल तेथे पोहोचतो आहे. तेथून त्या फाइली काढून टाकावयास गेले, तर त्या माझ्याच संगणकावरून नाहीशा झाल्या. दोन दिवसांच्या खटपटीनंतर त्या परत मिळाल्या. तक्रार करण्यासारखे काही नव्हते, कारण कंपनीकडे माझी संमती होती. राजीखुशी म्हणावी तर दडपण कोणी आणले नव्हते. अक्कलहुशारी मात्र त्या दिवशी माझ्यापाशी नव्हती, आणि ती नसावी अशाच बेताने त्या चौकटी रचल्या होत्या, असे माझे मत आहे. ‘पुढे’ची कळ मोठी आणि निळी होती, ‘आता नको’ हे शब्द फिकट करड्या अक्षरांत खाली कोपऱ्यात होते. शिवाय ‘आता नको’ हा नकारही नव्हे, ते लांबणीवर टाकणे आहे. ‘नको’ एवढा साधा मराठी शब्द त्या चौकटीत कोठेच नव्हता.

पूर्वीचे संगणक-व्यवहार यापेक्षा वेगळे होते. पुण्यात १९८८ मध्ये सी-डॅकची स्थापना झाली आणि भारतीय लिप्या संगणकावर आणण्याच्या कामाला गती आली. त्या काळात मराठी अक्षरजुळणीची सॉफ्टवेअरे फ्लॉपीवर मिळत. संगणकाच्या पाठीमागे ‘डोंगल’ नावाची लहानशी खुंटी जोडल्याखेरीज त्यांतील काही चालत नसत. खुंटी महाग होती आणि हरवली तर रडण्याची पाळी येई. पण त्या सॉफ्टवेअरचा आणि ते करणाऱ्या कंपनीचा संबंध विक्रीच्या दिवशी संपत असे. आपण काय लिहितो, किती वाजता लिहितो, कोणता शब्द खोडतो हे तिला कळण्याचा मार्गच नव्हता. जुन्या काळाचे गोडवे गाण्याचा माझा हेतू नाही. प्रत्येक कंपनीची अक्षरसंकेतने वेगळी असल्याने माझा स्वतःचा प्रबंध आज कोणत्याही संगणकावर वाचता येत नाही. छापील प्रत आहे म्हणून तो आहे. युनिकोडने ती अडचण दूर केली, हे मराठीवर मोठेच उपकार आहेत. परंतु त्याच सुमारास सॉफ्टवेअर ही विकत घेण्याची वस्तू न राहता भाड्याने वापरण्याची सेवा होत गेली. अडोबी कंपनीने २०१३ मध्ये आपली चित्र-मांडणीची सॉफ्टवेअरे वर्गणीच्या पद्धतीकडे वळविली, हे त्याचे ठळक उदाहरण होय. घरमालक आणि भाडेकरू यांच्यात जे घडते तेच येथे घडते: मालकापाशी दुसरी किल्ली असते.

ती किल्ली कशी वापरली जाते, याचे एक उदाहरण सरकारी दप्तरात नोंदलेले आहे. अव्हास्ट ही मूळची चेक प्रजासत्ताकातील कंपनी. संगणकाचे विषाणूंपासून रक्षण करणारे तिचे सॉफ्टवेअर जगभर कोट्यवधी लोकांनी, बहुतेकांनी मोफत, बसवून घेतले होते. आपल्या मागावर राहणाऱ्यांना हे सॉफ्टवेअर अडविते, असेही ती सांगत असे. प्रत्यक्षात लोक इंटरनेटवर काय पाहतात याचा तपशील गोळा करून ‘जम्पशॉट’ या उपकंपनीमार्फत तो शंभराहून अधिक कंपन्यांना विकला जात होता. कोणी कोणत्या आजाराविषयी वाचले, कोणाचा कल कोणत्या धर्माकडे वा पक्षाकडे, हे त्या तपशिलावरून कळू शकत होते. जानेवारी २०२० मध्ये वृत्तपत्रीय शोधातून हे बाहेर आले आणि जम्पशॉट बंद झाली. अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने फेब्रुवारी २०२४ मध्ये अव्हास्टला १ कोटी ६५ लाख डॉलर भरावयास लावले आणि जाहिरातींसाठी असा तपशील विकण्यास बंदी केली. राखणदारच पाहुण्यांची यादी बाजारात विकत होता. या प्रकरणात मला सर्वांत बोचते ते हे की, लोकांनी ते सॉफ्टवेअर निष्काळजीपणाने नव्हे, काळजीपोटी बसविले होते.

आता थोडे भाषेकडे वळू. अशा सूचनांतील वाक्यरचना अभ्यासण्याजोगी असते. ‘माहिती गोळा केली जाऊ शकते’ या कर्मणी वाक्यात कर्ता नाही. कोण गोळा करणार? ‘शकते’ या सहायक क्रियापदाने क्रिया घडते की नाही हेही संदिग्ध ठेवले आहे. ‘आपला अनुभव सुधारण्यासाठी’ हा प्रयोग इंग्रजीतून आला; मराठीत अनुभव येतो, घेतला जातो, तो कोणी दुसरा सुधारीत नाही. ‘आमचे भागीदार’ हा तर फसवा शब्द आहे. मराठीत भागीदार म्हणजे नफ्यातोट्याचा वाटेकरी, आणि येथे तो माझ्या माहितीचा गिऱ्हाईक असतो. ‘आम्ही तुमची माहिती विकतो’ या वाक्यात कर्ता, कर्म, क्रियापद सारे स्पष्ट आहे. असे वाक्य कोणत्याही सूचनेत माझ्या पाहण्यात आले नाही.

‘गोपनीयता धोरण’ हा शब्दप्रयोग आता रूढ झाला आहे. मला तो अपुरा वाटतो. संस्कृतातील गुप् या धातूला राखणे आणि लपविणे असे दोन्ही अर्थ आहेत. गोप हा राखणारा आणि गुप्त ते लपविलेले. मराठी ‘गोपनीय’मध्ये दुसराच अर्थ उरला. ‘गोपनीय अहवाल’ म्हटले की काहीतरी झाकलेले डोळ्यांसमोर येते. त्यामुळेच ‘माझ्यापाशी लपविण्यासारखे काय आहे?’ असे सहज म्हटले जाते आणि वाद तेथेच संपतो. ‘खाजगी’ किंवा ‘खासगी’ या शब्दाची जात वेगळी. होळकरांच्या कारभारात दौलत आणि खासगी असे दोन हिशेब वेगळे असत; खासगीचे उत्पन्न राजघराण्यातील स्त्रीच्या अखत्यारीत असे, आणि अहिल्याबाईंच्या अनेक दानधर्मांचा खर्च त्यातून झाला. ती खासगी कोणापासून लपविलेली नव्हती. तिच्यावर अधिकार कोणाचा, हे ठरलेले होते. सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने २४ ऑगस्ट २०१७ रोजी पुट्टस्वामी खटल्यात जो मूलभूत हक्क एकमताने मान्य केला, त्याला म्हणूनच मी खाजगीपणाचा हक्क म्हणते. माणच्या त्या स्त्रियांनी काही लपविले नव्हते. त्यांनी ते मला सांगितले होते. कोणाला सांगावयाचे हे त्यांनी ठरविले होते.

२०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण अधिनियमात भाषेच्या दृष्टीने दोन चांगल्या तरतुदी आहेत. संमतीची विनंती स्पष्ट आणि सोप्या भाषेत असली पाहिजे, आणि ती इंग्रजीत किंवा राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीतील कोणत्याही भाषेत वाचण्याची सोय दिली पाहिजे. मराठी आणि कोकणी दोन्ही त्या अनुसूचीतील बावीस भाषांत आहेत. संमती देणे जितके सोपे, तितकेच ती मागे घेणेही सोपे असावे, असेही हा कायदा म्हणतो. शासनाला दिलेल्या मोठ्या सवलतींबद्दल त्याच्यावर टीका झाली आहे व ती मला रास्त वाटते.

परंतु मराठीत सूचना असणे आणि ती कळणे या दोन गोष्टी आहेत. सोपी मराठी ही आपोआप होत नाही. इंग्रजी वकिली वाक्याचे यंत्राकडून केलेले भाषांतर मराठीत असेल, पण आजीच्या खरेदीखतातील मराठीइतके ते कोणालाही कळणार नाही. हे काम मराठीच्या पदवीधरांचे आहे, आणि आपल्या अभ्यासक्रमांत व्यावहारिक मराठी शिकविताना अजून आपण अर्ज, इतिवृत्त आणि जाहिरात यांपलीकडे फारसे जात नाही, याची खंत वाटते. भाषेने सारे भागेल असेही मी म्हणत नाही. अमेरिकेतील कार्नेगी मेलन विद्यापीठाच्या दोन संशोधिकांनी २००८ मध्ये अंदाज बांधला होता की, एका व्यक्तीने भेट दिलेल्या सर्व संकेतस्थळांची धोरणे वाचावयाची तर वर्षाला सुमारे २४४ तास लागतील. सुबोध मराठीत लिहिले तरी एवढे कोण वाचणार? तेव्हा मजकूर लहान हवा, नकाराची कळ होकाराच्या कळीएवढी हवी, आणि काही न दाबता पुढे गेलेल्या माणसाची माहिती त्याच्यापाशीच राहिली पाहिजे.

तालुक्याच्या ठिकाणी सेवा केंद्रात अर्ज भरावयास गेलेल्या विद्यार्थ्याचे तर याहून वेगळे आहे. तेथे ‘मी सहमत आहे’ची कळ केंद्रचालकच दाबतो. मागे रांग उभी असते, आणि पडदा विद्यार्थ्याकडे वळविलेलाही नसतो. आजीच्या वेळी अंगठा तरी तिचा होता.

गेल्या उन्हाळ्यात मी माणला गेले. अकरांपैकी दोघीच आता हयात आहेत. त्यांतील एकीला, जमेल तितक्या सोप्या शब्दांत, घडले ते सांगितले. सर्व्हर, कंपनी हे शब्द टाळून सांगणे मला अवघड गेले. तिने शांतपणे ऐकून घेतले आणि विचारले, “मग आता माजं बोलनं कुनाच्या घरात हाय?”

मी म्हणाले, मावशी, तिथून काढून टाकलं आहे. पण त्यांच्याकडे दुसरी प्रत राहिली का, ते मला सांगता येत नाही.

“तू तवा म्हनालीस, पेटीत ठिवीन,” ती म्हणाली.

मी तसे म्हणाले होते.